कार्डिओग्राम हृदयाचा, दुखणं फुफ्फुसाचं

जाफराबादच्या एका भगिनीनं विचारलं आहे : "सासूबाईंना वर्षानुवर्षं खोकला नि धाप. परवा कार्डिओग्राम काढला, तर डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे. दुखणं फुफ्फुसाचं, मग हृदय मध्येच कुठून आलं? घरात सगळे म्हणतात, आता थोड्याच दिवसांच्या सोबती."

ताई, आधी घरातलं हे बोलणं थांबवा. सासूबाईंच्या कानांवर ते पडतच असेल.

हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे ढकलते. फुफ्फुसं खराब झाली की रक्तात प्राणवायू कमी पडतो, तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रोज जड घागर उचलणाऱ्या दंडासारखी उजवी बाजू जाड होते नि शेवटी थकते. मग कार्डिओग्रामवरची पहिली छोटी लाट उंच, टोकदार दिसू लागते. पुढे पायांवर सूज येते.

"पण त्यांनी कधी बिडीला हात लावला नाही!" असं तुम्ही म्हणाल. चूल तर फुंकली ना? पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांचा धूर जन्मभर छातीत गेला. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली अशा १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हाच चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं होतं.

आता आयुष्याचं. खोटा धीर देत नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी २६३ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या कार्डिओग्रामवर अशा खुणा होत्या, ते इतरांपेक्षा कमी जगले. पण ही धोक्याची सूचना आहे, मरणाची तारीख नव्हे. प्राणवायू फार कमी असलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगाचे आकडे १९८१ साली आले. रोज किमान १५ तास प्राणवायू घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ दगावले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. म्हणजे वेळेवर उपचार मिळाले तर फरक पडतो.

तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला का? बसल्या जागी तो ८८ किंवा त्याहून कमी असेल, तर घरी प्राणवायू लागेल का? हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करायची का? इतर मैत्रिणींनीही लक्षात ठेवावं : कार्डिओग्राम चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये, सुरुवातीचा ताण त्यात पुष्कळदा दिसत नाही.

प्राणवायू घरी आला, तर त्याचा वेग आपल्या मनानं वाढवू नका. जास्त झाला तरी अपाय होतो. त्या खोलीत चूल, बिडी, उदबत्ती, देवापुढची निरांजनसुद्धा नको. आग भडकते. झोपेची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि एक. तुमच्याकडे गॅस आहे, तरी अंघोळीचं पाणी नि भाकरी चुलीवरच होते, असं तुम्हीच लिहिलंय. चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, हे खरं. पण तोच धूर आता सासूबाईंच्या छातीत जातोय, आणि उद्यासाठी तुमच्याही. ती चूल आजच विझवा.