गन कुणाच्या हातात?

वर्ध्यात फेब्रुवारी लागला की पत्र्याच्या कूलरच्या शेडमध्ये घाई सुरू होते. आमच्या बचत गटातल्या तिघी अशाच एका शेडवर जातात. पत्रा थिनरने पुसायचा, दुरुस्तीला आलेल्या कूलरचा जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढायचा, वाळलेल्या बॉड्या उचलून रचायच्या. रंग मारतो तो पेंटर. त्याची मजुरी यांच्या दुपटीहून जास्त.

बायांना गन का शिकवत नाही, असं मालकाला विचारलं. "ताई, तो वास बायांच्या तब्येतीले झेपत नाही," तो म्हणाला. मग या तिघी सकाळपासून उभ्या असतात ती हवा कुठली? घासकामाची धूळ तर आणखी वाईट. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांवर आणलं गेलं. लोखंडावर मारायच्या औद्योगिक रंगांना तो नियम लागू नाही. ते घासणाऱ्या बाईच्या नाकावर फक्त पदर. तेव्हा तिच्या तब्येतीची आठवण कुणाला होत नाही.

शेवटी दुसऱ्या शेडवरच्या एका पेंटरकाकांनी रविवारी शिकवायचं कबूल केलं. मीही गन धरली. समाजकार्याच्या पदवीचा तिथे काही उपयोग झाला नाही, माझाच रंग सर्वात आधी ओघळला. आम्हा सगळ्यांची चूक एकच, सारवणाची सवय. सारवताना हात कमानीसारखा फिरतो. गन तशी फिरवली की मधे रंग साचतो आणि कडा कोरड्या राहतात. गन पत्र्यापासून सात-आठ इंचांवर, सरळ समोर धरायची. नुसतं मनगट न फिरवता अख्खा हात पत्र्याला समांतर सरकवायचा. घोडा कडेच्या आधी दाबायचा, कड ओलांडल्यावर सोडायचा. दुसरा पट्टा पहिल्यावर अर्धा चढवायचा. आणि सुरुवातीलाच कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायचं, नाहीतर रंगावर फोड येतात. तिसऱ्या रविवारी आमच्यातल्या एकीचा पत्रा असा उतरला की काका नुसते बघत राहिले. यात पुरुषी ताकद लागते ती नेमकी कुठे?

काळजीच्या नावाने वगळायची रीत कायद्यातही होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धोक्याच्या कामांत स्त्रियांना मनाई करायचा अधिकार सरकारला दिला होता. २०२० च्या संहितेने सर्व प्रकारची कामं स्त्रियांना खुली केली, आणि धोक्याच्या कामाआधी सुरक्षेची सोय मालकाला करायला लावता येईल असंही म्हटलं. पण चार-पाच माणसांच्या शेडकडे तपासायला कोण येतं?

म्हणून "बायांना हे काम द्या" एवढंच मागून भागणार नाही. पदर किंवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. कोळशाच्या डबीचा मास्क लागतो, खेळती हवा लागते. हार्डनर मिसळायच्या काही रंगांनी दमा जडतो. तसं काम नाकारता आलं पाहिजे. हे सगळं पेंटरलाही हवंच, तोही बिचारा रुमाल बांधूनच मारतो.

हाताने काम करत शिकणं हेच शिक्षण, हा विचार १९३७ च्या परिषदेत याच वर्ध्यात मांडला गेला. तरी बायांचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्या संघटनांनाही आधी शिलाई मशीनच आठवते.

तिसऱ्या रविवारची ती बाई आता कूलरची आतली बाजू रंगवते. मजुरी मात्र घासकामाचीच. पेंटरचा दर आणि चार मास्क, तीन यांचे आणि एक पेंटरचा, एवढं मागायला तिघी सोमवारी मालकाकडे जाणार आहेत.