वाचनालयाच्या कपाटात सिनेमालाही जागा द्या

सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या वाचनालयांचे कार्यवाह, ग्रंथपाल आणि सभासद यांना एक कळकळीची विनंती आहे. आपल्या वाचनालयात चित्रपटांचं एक कपाट सुरू करा, आणि पुस्तकं निवडताना घेता तेवढीच काळजी चित्रपट निवडतानाही घ्या.

आपला जिल्हा वाचणारा आहे. वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय १८७१ पासूनचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर त्याहूनही जुनं. अमुक कादंबरी घ्यावी की नाही यावर आपल्याकडे तावातावानं चर्चा होते. सिनेमाच्या डिस्क मात्र कुणीतरी घर आवरताना पिशवीभर आणून देतो आणि त्या तशाच खणात जातात. कोणता चित्रपट हवा आणि का हवा, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं.

‘आता सगळं मोबाईलवर मिळतं,’ असं कुणी म्हणेल. सगळं मिळत नाही. ऑनलाइन कंपन्यांचे करार संपले की चित्रपट तिथून निघून जातात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे रेंजचा भरवसा किती, हे सांगायला नको. शिवाय सिनेमा जपला नाही तर तो कायमचा जातो. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण पाहता येत नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभात कंपनीच्या चित्रपटांसह अनेक जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिल्मवरच्या प्रती जळून गेल्या.

मग निवड कुठून सुरू करायची? आपल्याच कपाटातल्या पुस्तकांपासून, तो पहिला खण. बागलांच्या राईत जन्मलेल्या आणि कुडाळात खाणावळ चालवता चालवता कविता लिहिणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘चानी’ आणि ‘कोंडुरा’ बहुतेक वाचनालयांत असतील. ‘चानी’वर व्ही. शांताराम यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला. ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी पुढच्याच वर्षी हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत चित्रपट केले. खानोलकर १९७६ मध्ये गेले होते. दोन्ही कादंबऱ्यांवरचे चित्रपट त्यांच्या पश्चात आले. गावानं दूर लोटलेली चानी आधी कादंबरीत वाचावी, मग पडद्यावर पाहावी आणि शांतारामांनी काय राखलं, काय बदललं यावर सभासदांनी मनसोक्त भांडावं. अशा एका संध्याकाळनंतर ते पुस्तकही पुन्हा देवघेवीत येतं. आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘चक्र’चंही तसंच. रवींद्र धर्मराज यांचा १९८१ चा चित्रपट आणि त्यातली स्मिता पाटील मोठ्यांनी जरूर पाहावी. मुलांना मात्र तो देऊ नये.

दुसरा खण आपल्या मातीचा. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. कोकणातला आजा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतो. शस्त्रक्रियेनंतर पोराची दृष्टी जाणार, हे कळल्यावर तो त्याला इस्पितळातून गुपचूप बाहेर काढतो आणि डोळे आहेत तोवर शहर दाखवतो. आजोबांच्या त्या धडपडीत आपल्या घरातला कुणीतरी दिसल्याशिवाय राहत नाही. अभिजित वारंग यांच्या ‘पिकासो’त दशावतारी बाप आणि चित्रकार मुलगा आहे. जत्रेतला दशावतार रात्र जागून पाहणाऱ्या आपल्या लोकांना त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. तो २०२१ मध्ये थेट ऑनलाइन आला. अशा चित्रपटाची प्रत बाजारात मिळाली नाही, तर वाचनालयाच्या लेटरहेडवर निर्मात्यांना पत्र लिहा.

तिसऱ्या खणात मराठीचे अभिजात चित्रपट ठेवा. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकारामाइतकीच त्याची बायको पाहा. संसाराच्या ओढाताणीत वैतागलेली, आजारी पोराला घेऊन थेट देवळात शिरणारी आणि विठोबावर चप्पल उगारणारी ही बाई आजही खरी वाटते. ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, साने गुरुजींचं पुस्तक तर प्रत्येक वाचनालयात आहेच. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा ‘सामना’ही हवा. ज्या गावात निवडणूक होते, त्या गावाला तो समजतो.

चौथा खण लोकांनी स्वतः टिकवलेल्या चित्रपटांचा, आणि त्याला कमी लेखू नका. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ अजून घराघरांत पाहिला जातो. त्यानंतर जन्मलेल्या पोरांनाही त्यातले संवाद पाठ आहेत. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू कुणाला सांगावा लागत नाही. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ची थोरवी लोकांना हळूहळू पटत गेली. पुन्हा पुन्हा पाहूनही माणसं ज्याला कंटाळत नाहीत, त्यात काही दम असतो. तो कशात आहे, हे तरुण सभासदांना विचारा आणि त्यांचं ऐका.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या वाचनालयांना आणखी दोन नावं सुचवतो. रामू करिआट यांचा मल्याळम ‘चेम्मीन’ केरळच्या मच्छीमारांचा आहे. लुकिनो व्हिस्कोंती यांचा १९४८ चा इटालियन ‘ला तेरा त्रेमा’ सिसिलीतल्या एका मच्छीमार गावात घडतो. त्यात नट नाहीत. गावचेच मच्छीमार आपल्या बोलीत बोलतात. दलालांनी ठरवलेल्या दराला कंटाळून एक कुटुंब घर गहाण टाकतं, स्वतःची होडी घेतं आणि वादळात सगळं गमावतं. रापणीला हात लावलेल्या माणसाला हा चित्रपट परका वाटणार नाही. मधूनमधून थांबवून मालवणीत समजावणारा कुणीतरी मात्र शेजारी हवा.

आता जपणुकीचं. चोरटी प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका. घरी पाहण्यासाठीची डिस्क सभागृहात दाखवायची झाल्यास हक्कदारांची लेखी परवानगी घ्या. कायद्यानं चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणून फार जुन्या चित्रपटांची वाट मोकळी असते. तरी खात्री करूनच पुढे जा. शाळेनं आपल्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांनाच चित्रपट दाखवायला कायदा आडकाठी करत नाही, तेव्हा गावातल्या शाळेला सोबत घ्या. सेन्सॉरचा दाखला डब्यावर ठळक लिहा.

आपल्या दमट हवेत पापड सादळतो तशी डिस्कही खराब होते, तिच्यावर बुरशी धरते. कागदी पाकिटातून काढून प्लास्टिकच्या डब्यात उभी ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पुसताना मऊ कोरड्या कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. दान आलेली डिस्क पूर्ण चालवून पाहिल्याशिवाय रजिस्टरला दाखल करू नका. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोय नसते, म्हणून बाहेरून जोडायचा एक डीव्हीडी ड्राइव्ह वाचनालयानं घेऊन ठेवावा.

येत्या चतुर्थीला चाकरमानी गावी येतील, तेव्हा एक बैठक लावा. समितीत एक ज्येष्ठ, एक शिक्षक, एक कॉलेजातली मुलगी आणि एक मच्छीमार किंवा शेतकरी असू द्या. पहिल्या वर्षी बाराच चित्रपट निवडा. प्रत्येकाच्या डब्यात तो का घेतला, हे पाच ओळींत लिहून ठेवा. ज्याच्यासाठी पाच ओळी सुचत नाहीत, तो थांबू द्या. मग ती यादी मुंबईकरांच्या हाती द्या आणि सांगा, पुढच्या खेपेला गावासाठी यातलं एक घेऊन या. महागडी भेट नको, यादीतलं एकच नाव पुरे. बारा घरांनी मनावर घेतलं, तर पुढच्या चतुर्थीपर्यंत कपाट उभं राहील.