वाचलेल्या जिवाच्या बधिर बोटांचा हिशेब

‘जीव वाचला, हे काय थोडे झाले?’ कर्करोगाच्या औषधांनी हातापायांची संवेदना गमावलेल्या माणसाला हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जातो की, त्यातील निर्दयता विचारणाऱ्याच्याही ध्यानी येत नाही. परंतु शिलाई यंत्रावर पोट भरणाऱ्या बाईला बोटात सुई शिरल्याचे कळेनासे झाले, परातीवरच्या गवंड्याला पायाखालची फळी जाणवेनाशी झाली, तर वाचलेला जीव जगवायचा कशावर? या प्रश्नाचे उत्तर आपली आरोग्यव्यवस्था देत नाही. कारण तिने तो स्वतःला कधी विचारलेलाच नाही.

हे नुकसान होते कसे, ते आधी समजून घेतले पाहिजे. पेशीच्या आत सूक्ष्मनलिकांचे जाळे असते. पेशी विभागते तेव्हा या नलिका गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. सदाफुलीपासून मिळणारे विन्क्रिस्टीन या नलिका बांधूच देत नाही; पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल बांधलेल्या नलिका सुटू देत नाही. दोन्ही मार्गांनी बेसुमार विभागणाऱ्या कर्कपेशीची कोंडी होते आणि ती मरते. चेतापेशी विभागत नाही. पण तिच्या तंतूतील सारी वाहतूक याच नलिकांच्या रुळांवरून चालते. कण्यापासून पावलापर्यंतचा तंतू सुमारे मीटरभर लांब. वाहतूक खोळंबली की सर्वांत दूरचे टोक आधी उपाशी पडते; म्हणून बधिरता बहुधा पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून सुरू होते. ऑक्सॅलिप्लॅटिनसारखी प्लॅटिनमची औषधे डीएनएवर घाव घालतात आणि कण्यालगतच्या संवेदी चेतापेशींच्या गाठींत साचतात. रक्तातील विषे मेंदूपर्यंत पोहोचू न देणारा अडसर तेथे नसतो. औषध थांबल्यावरही काही महिने हा त्रास वाढत राहू शकतो.

हे अपवादाने घडते असेही नाही. ३१ अभ्यासांतील ४,१७९ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के रुग्णांत हा विकार आढळला; सहा महिने वा त्याहून अधिक काळानंतरही ३० टक्क्यांत तो उरला होता. तो टाळण्यासाठी खात्रीने शिफारस करावी असे एकही औषध आज हाती नाही. ड्युलॉक्सेटिनने वेदना काहीशी शमते, इतकेच. खरा उपाय एकच : वेळीच विचारणे आणि प्रमात्रा कमी करणे.

येथेच अर्थकारण आडवे येते. औषध कमी देऊन भागते काय, हे तपासण्यात ते विकणाऱ्याला कसला रस असणार? मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ऑक्सॅलिप्लॅटिनयुक्त उपचार सहा महिन्यांऐवजी तीन महिने द्यावा काय, हा प्रश्न १२ देशांतील सहा चाचण्यांनी, मुख्यतः सार्वजनिक पैशावर, तपासला. १२,८३४ रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष २०१८ साली आले. सहा महिन्यांच्या उपचारात ४५ ते ४८ टक्के रुग्णांना मध्यम वा तीव्र चेताविकार झाला. तीन महिन्यांच्या उपचारात १४ ते १७ टक्क्यांना. अधिक धोक्याच्या रुग्णांबाबत निष्कर्ष इतका सरळ नव्हता. परंतु कमी धोक्याच्या रुग्णांना, विशिष्ट औषधजोडीसह, तीन महिने पुरेसे ठरले. म्हणजे ज्याला आपण अटळ मानत होतो, त्याचा मोठा भाग अटळ नव्हता. तो तपासला गेलेला नव्हता.

पॅक्लिटॅक्सेलची कहाणी तर याहून बोलकी आहे. त्याची संरचना १९७१ साली प्रसिद्ध करणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्यासह नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी होते. संशोधनाचा भार अमेरिकी जनतेने उचलला : २००२ पर्यंत ४८ कोटी ४० लाख डॉलर. त्याच काळापर्यंत ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने या औषधाची ९०० कोटी डॉलरहून अधिक विक्री केली आणि सरकारी संस्थेला स्वामित्वशुल्कापोटी दिले सुमारे साडेतीन कोटी. हा हिशेब अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण यंत्रणेने २००३ साली मांडला. नफा ताळेबंदात चढला. बधिर बोटे कोणत्याच वहीत नाहीत.

आपल्या कायद्याच्या वहीतही नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या हातापायांची गेलेली संवेदना त्यात स्पष्ट नोंदली आहे, आणि ते सर्वथा योग्यच आहे. मग रोगाने गेलेली संवेदना कायद्याला दिसते आणि औषधाने गेलेली दिसत नाही, हा कुठला न्याय? नवा प्रकार अधिसूचनेने जोडण्याचा अधिकार त्याच कायद्याने केंद्राला दिला आहे. तो वापरावा, एवढेच मागणे आहे.

कोणी याचा अर्थ ‘औषधे घेऊ नका’ असा लावील, तर तो कर्करोग्याचा वैरी होय. या औषधांनी असंख्य माणसे जगली आहेत, आणि जडीबुटीवाल्यांच्या नादी लागून अनेकांनी प्राण गमावले आहेत. आमची मागणी औषध नाकारण्याची नाही, हिशेब पुरा मांडण्याची आहे. प्रत्येक आवर्तनापूर्वी रुग्णाला विचारावे : गुंडी लावता येते का? चप्पल पायातून निसटते का? उत्तर नोंदवावे आणि त्यानुसार प्रमात्रा ठरवावी. रुग्णानेही हा त्रास लपवू नये. औषध बंद होईल या भीतीने गप्प राहणारे पुष्कळ असतात. सरकारी योजनांतून जसे औषधाचे पैसे मिळतात, तसे नंतरच्या पुनर्वसनाचेही मिळावेत. आणि कमी औषधात भागते काय, हे तपासणाऱ्या चाचण्यांचा खर्च शासनाने उचलावा, कारण दुसरा कोणी तो उचलणार नाही.

ज्यांचे हात हेच भांडवल, त्यांना जीव आणि हात यांतून एक निवडायला लावणे हा उपचार नव्हे; तो व्यवहार आहे, आणि त्यात एकाच पक्षाने सर्व किंमत मोजली आहे.