आधी अँगल कॉक बंद करा, मग गिझर बदला

‘गिझर गेलाय, नवा घ्या.’ शॉवरचं पाणी मध्येच गार पडतं, अशी तक्रार केली की बहुतेक वेळा हे उत्तर मिळतं आणि माझ्या मते ती उघड लूट आहे. झाकण उघडलेलं नसतं, मीटर लावलेला नसतो, साधा नळसुद्धा सोडून पाहिलेला नसतो. पुण्यात आमच्या सोसायटीत चांगले चालते गिझर असे भंगारात गेले आणि नवे लावल्यावरही माणसं अंगाला साबण लावून कुडकुडत उभी राहिली.

मुळात पाप बिल्डरचं. सॅम्पल फ्लॅटमध्ये ताटाएवढा रेन शॉवर मिरवायचा आणि त्याच्यामागे जागा ठेवायची १५ लिटरच्या गिझरची. हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. ६० अंशांचं १५ लिटर पाणी २५ अंशांच्या गार पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणलं, तर होतं ३५ लिटर. शॉवर मिनिटाला १० लिटर ओतत असेल, तर साडेतीन मिनिटांत खेळ खलास. आत शिरणारं गार पाणी धरलं तर त्याच्याही आधी. पुन्हा तापायला २ किलोवॉटच्या एलिमेंटला वीसेक मिनिटं लागतात. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर तर तेवढ्या धारेला जेमतेम ४ अंश वाढवून देतो. तो भांडी घासायच्या सिंकसाठी ठीक आहे, शॉवरसाठी विकणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. आणि ते लेबलवरचे तारे? पाणी नुसतं साठून असताना किती उष्णता वाया जाते, एवढंच ते सांगतात. आंघोळ किती वेळ गरम राहील याच्याशी त्यांचा संबंध नाही, तरी दुकानदार तेच बोट ठेवून दाखवतो.

बरं, काल-परवापर्यंत पाणी पुरत होतं आणि आज पुरत नाही, तर? एमसीबी खाली पाडा. गिझरच्या इनलेटचा अँगल कॉक बंद करा आणि फक्त गरम बाजूचा नळ सोडा. थोडं पाणी येऊन थांबलं पाहिजे. धार चालूच राहिली, तर गिझर निर्दोष आहे. गार पाणी चोरवाटेने गरम लाइनीत घुसतंय. कधी मिक्सरचं कार्ट्रिज झिजलेलं असतं. कधी कुणी हँड शॉवर फक्त बटणाने बंद केलेला असतो आणि मागे मिक्सरचे दोन्ही नळ उघडे असतात. दोन बाथरूमना एकच गिझर असेल, तर एकीकडचा असा निष्काळजीपणा दुसरीकडची आंघोळ गार करतो. पाच मिनिटांचं काम आहे हे, पण त्यात कमिशन नाही, म्हणून कुणी करत नाही.

धार थांबली, तर मात्र गिझर उघडा. टँकरचं आणि बोअरचं पाणी पिऊन एलिमेंटवर क्षारांचा जाड थर बसतो, थर्मोस्टॅट वेळेआधीच कट करतो. थर काढता येतो, थर्मोस्टॅट आणि एलिमेंट सुटे मिळतात. अ‍ॅनोड रॉड झिजला असेल तर तोही बदलता येतो. टाकीच गळायला लागली, तरच नवा गिझर.

सगळ्यात संतापजनक सल्ला वेगळाच आहे: ‘बाथरूममध्ये गॅस गिझर लावा, पाणी संपणारच नाही.’ बंद बाथरूममध्ये ज्योत जळते, प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. दार आतून लावलेलं असतं आणि माणूस हाक मारण्याआधी कोसळतो. असे मृत्यू आपण दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत वाचतो, तरीही हा सल्ला देणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

बिल्डरने ताबा देताना भिंतीत गाडलेल्या लाइनींचा नकाशा दिलाच पाहिजे. आज प्लंबर टाइल फोडून अंदाज घेतो आणि त्या टाइलचे पैसेही आपणच भरतो. आणि दुरुस्तीच्या बिलावर काय काय तपासलं ते लिहून घ्या. कॉकला हात न लावता ज्याने नवा गिझर सांगितला, त्याला व्हिजिटचा एक रुपयाही देऊ नका.