गरज होती, नोंद नव्हती



२०२० सालचा पाडवा कुणी विसरणार नाही. तारीख २५ मार्च. दारात गुढी उभी होती आणि त्याच दिवसापासून सारा देश बंद झाला. आठवडी बाजार बंद, एस.टी. बंद, शेगावी गजानन महाराजांच्या मंदिराचं दार बंद. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोरोनाचा पहिला बळी गेला. घरात कापूस पडून, हरभरा पोत्यात आणि हाती पैसा नाही, अशी पुष्कळांची गत होती.

सरकारने मदत जाहीर केली. रेडिओवर, टी.व्ही.वर लाख कोटींचे आकडे ऐकले. आज इतक्या दिवसांनीही पारावर विषय निघाला की एक म्हणतो, सरकारने पुष्कळ दिलं. दुसरा म्हणतो, आम्हांला छदाम मिळाला नाही. गंमत अशी, की दोघंही खरं बोलतात. हे कसं, ते आज हिशेबाने पाहू.

चिखली तालुक्यातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. असली घरं आपल्याकडे गावोगाव आहेत.

म्हाताऱ्याच्या नावे तीन एकर. एप्रिलमध्ये त्याच्या खात्यावर पीएम-किसानचे २,००० रुपये आले. पण हे पैसे नवे नव्हते. वर्षाचे ६,००० तीन हप्त्यांत मिळतच होते. त्यातला एक हप्ता लवकर आला, एवढंच.

थोरल्या सुनेचं जनधन खातं. तिला एप्रिल, मे, जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये मिळाले. धाकट्या जावेचं खातंही त्याच बँकेत, पण साधं बचत खातं. तिला रुपया नाही. दोघींची चूल एक, अडचण एक. फरक फक्त खात्याच्या प्रकाराचा.

थोरला मुलगा पुण्यात गवंड्याच्या हाताखाली. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाने त्या वर्षी नोंदीत कामगारांना आधी २,००० आणि पुढे ३,००० रुपये दिले. नोंदीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. याने तो कधी घेतलाच नव्हता. विटा त्यानेही तेवढ्याच वाहिल्या होत्या, पण मंडळाच्या वहीत त्याचं नाव नव्हतं.

धाकटा खामगावला भाड्याची रिक्षा चालवतो. १३ एप्रिल २०२१ ला, दुसऱ्या लाटेत, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. त्यात परवानाधारक रिक्षावाल्यांना १,५०० रुपये होते. परवाना मालकाच्या नावे, म्हणून मदतही मालकाच्या नावे. दिवसभर हँडल धरणारा तसाच राहिला.

आता याच घराच्या शेतात निंदायला येणारी बाई. भूमिहीन. सातबारा नाही, म्हणून पीएम-किसान नाही. रेशनचं कार्ड होतं, त्यावर माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो डाळ फुकट मिळाली. त्या धान्याने खरोखर चूल पेटती ठेवली, हे मान्यच केलं पाहिजे. पण माणशी म्हणजे कार्डावरच्या माणशी. नवी सून आणि दोन वर्षांचा नातू कार्डावर चढलेले नव्हते. ते जेवत होते, पण सरकारच्या हिशेबात नव्हते.

आणि महामार्गावरून चालत गेलेले ते मजूर आठवा. मलकापूर, नांदुरा, खामगाव ओलांडून डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं पूर्वेकडे निघाली होती. कार्ड असलंच तर ते दूरच्या गावातलं, इथे त्याचा उपयोग नाही. कार्ड नसलेल्या अशा मजुरांसाठी मे महिन्यात माणशी ५ किलो धान्य जाहीर झालं. तोवर त्यांच्या पायांना फोड आले होते. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना भाकरी दिली, पाणी दिलं; ते देताना कुणी कार्ड विचारलं नाही.

जुनी मंडळी म्हणतील, १९७२ च्या दुष्काळात असं नव्हतं. खरं आहे. तेव्हा ज्याला भूक होती तो कुदळ घेऊन कामावर जाई, आणि मस्टरवर त्याचं नाव चढे. वि. स. पागे यांच्या खटपटीतून आलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ साली कायदा झाला, तोही याच पायावर: मागेल त्याला काम. गरजवंत स्वतः चालत येई. टाळेबंदीत नेमकं चालत येणंच बंद होतं! म्हणून सरकारने हाताशी असलेल्या याद्या काढल्या आणि त्यांवर पैसे सोडले. यादीत नाव असलेल्याला घरबसल्या मिळालं, नसलेल्याची हाक कुणाला ऐकू गेली नाही. पुढे रोजगार हमीची कामं सुरू झाली, मजुरी २०६ वरून २३८ रुपये झाली. पण शहरातून परतलेल्या पोरांना तिथेही आधी जॉब कार्ड काढावं लागलं.

हे झालं मजुरांचं. आता धंदेवाल्यांचं पाहू. कारण आता शेतकऱ्याच्या घरातही एखादं किराणा दुकान, गॅरेज, शिलाई मशीन असतंच.

त्यांच्या वाट्याला आलं ते निराळं होतं. एक, थांबवलेला हप्ता. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. पुष्कळांना वाटलं, माफी मिळाली. पण व्याज चालूच होतं. एक लाखाच्या कर्जावर दर साल शेकडा १२ प्रमाणे सहा महिन्यांचं व्याज ६,००० रुपये. त्या व्याजावर चढलेलं व्याज साधारण १५२ रुपये. सरकारने नंतर परत केलं ते हे १५२; सहा हजार कर्जदारानेच भरायचे. आणि पीककर्ज व ट्रॅक्टरचं कर्ज या परताव्यातही धरलं नव्हतं.

दुसरं, उसनं दिलेलं. छोट्या-मध्यम उद्योगांसाठी तारणाशिवाय ३ लाख कोटींच्या कर्जाची योजना निघाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याचं कर्ज बाकी होतं, त्याला त्या बाकीच्या २० टक्के आणखी कर्ज. सरकारची हमी होती ती बँकेला. जिनिंग फॅक्टरीला तिचा उपयोग झाला असेल. पण कर्ज नको म्हणून जपून चालणारा दुकानदार तिच्यात बसलाच नाही. शहरातल्या फेरीवाल्यांना जुलै २०२० पासून १०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज मिळू लागलं, वेळेवर फेडल्यास व्याजात ७ टक्के सवलत. पण फक्त खेड्यांच्या बाजारात पाल ठोकणारी बांगडीवाली शहरातली नव्हती, म्हणून ती बाहेर.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. मदत जाहीर झाली की आधी विचारा: हे दिलेलं आहे, थांबवलेलं आहे, की उसनं आहे? धान्य आणि पाचशे रुपये हे दिलेलं. हप्ता थांबवलेला. कर्ज उसनं. तिन्हींची बेरीज करून आकडा मोठा होतो, पण घरात येताना तिन्ही वेगळी येतात.

दुसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक गरजवंताची नोंद करणं हे सरकारचं काम आहे, आणि ते नीट झालं नव्हतं, हे टाळेबंदीने दाखवलं. पण आपणही हातावर हात धरून बसू नये. घरातली बांधकामावर जाणारी माणसं मंडळात नोंदवा आणि नोंदीचं नूतनीकरण चुकवू नका. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, हमाल यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रमची नोंदणी आहे. छोट्या धंद्यासाठी उद्यम नोंदणी आहे. या दोन्ही सरकारी नोंदण्यांना शुल्क नाही. शुल्क आहे म्हणून कुणी शेकड्याने मागितले तर देऊ नका. नवी सून आणि नवं मूल रेशन कार्डावर चढवा. बाईच्या नावाने तिचं स्वतःचं खातं असू द्या आणि पासबुक तिच्या पेटीत असू द्या.

शेवटचं सांगणं खास बागायतदार आणि मोठ्या शेतकऱ्यांना. आपल्या शेतात वर्षानुवर्षं निंदायला, वेचायला येणाऱ्या बाईला एवढंच विचारा: बाई, तुझं नाव कुठे कुठे लिहिलेलं आहे? तिला लिहिता येत नसेल तर आपल्या घरातलं शिकलेलं पोर तिच्याबरोबर सेतू केंद्रात पाठवा. एका सकाळचं काम आहे. पुढचं संकट कोणतं असेल, कधी येईल, ते सांगता येत नाही. पण ते आल्यावर यादी करायला वेळ नसतो, हे आपण एकदा पाहिलं आहे.