गळ टाकायचा, पण कुठं?

थंडी पडली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. आपल्या मंगळवेढा-सांगोला भागातल्या घरांना कोकण आता पूर्वीसारखं लांब वाटत नाही. रत्नागिरी-सोलापूर रस्ता तर आपल्या दारावरूनच जातो. मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असं करत साधारण तीनशे किलोमीटरवर समुद्र. आणि समुद्र म्हटला की पुरुषमंडळींना आणि पोरांना गळ टाकायची हौस येते. कोकणात याला 'गरवणं' म्हणतात. गळाच्या आकड्याला गरी म्हणतात आणि नायलॉनच्या दोरीला तंगूस.

जागा कुठली निवडायची हे बहुतेक घरांत पुरुषच ठरवतात आणि आपल्या वाट्याला दशम्या-चटण्या बांधायचं काम येतं. या वेळी तसं होऊ देऊ नका. जागा ठरवायला तुम्ही बसा. कारण सांगते.

आपली माणसं भीमेत पोहलेली, विहिरीत उड्या मारलेली. त्यामुळं पाणी आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं. पण नदी एकाच दिशेनं वाहते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी ज्या खडकावर कोरड्या पायानं चालत गेलो, त्याच्या मागं दुपारी कमरेइतकं पाणी असतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याजवळ पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठ जण गेले. ती सगळी धडधाकट, तरणी माणसं होती. म्हणून मासा कुठं मोठा मिळतो हे नंतर विचारा. आपल्यातलं सर्वांत लहान मूल आणि सर्वांत म्हातारं माणूस कुठून चटकन मागं येऊ शकेल, हे आधी विचारा.

या हिशेबानं पाहिलं तर जागांचे तीन प्रकार पडतात.

पहिली जागा खाडीतली जेटी किंवा धक्का. घरच्या मंडळींसाठी हीच उत्तम. पायाखाली पक्की जमीन, मागं रस्ता आणि जवळपास गावची माणसं. रत्नागिरीच्या उत्तरेला जयगडला शास्त्री नदीची खाडी आहे. समोर तवसाळ, आणि मध्ये मोटारी नेणारी फेरीबोट. दक्षिणेला देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथं आणि शेजारच्या तारकर्लीला घरगुती राहण्याची सोयही होते. मात्र नदीच्या मुखाशी ओढ फार असते. बसायचं ते आतल्या बाजूला. फेरीबोटीच्या किंवा मच्छीमारांच्या वाटेत दोरी टाकू नये, आधी विचारून घ्यावं.

दुसरी जागा वाळूचा किनारा. इथं मुडदुशीसारखे लहान, गोड मासे मिळतात आणि पोरं खूश होतात. पण गुडघाभर पाण्यापुढं कुणी जायचं नाही. गणपतीपुळ्याला दर्शन जरूर घ्या, पण तिथल्या लाटांची ओढ वाईट आहे. गळ दुसरीकडं टाका.

तिसरी जागा खडक. तांबोशी, गोबरा हे नामांकित मासे खडकाच्या आश्रयानं राहतात, म्हणून यजमानांचं मन तिकडं ओढणार. गावचा माहीतगार माणूस बरोबर असेल तरच जाऊ द्या, तेही ओहोटीत. भरती सुरू झाली की उठायचं. पोरांना खडकावर नेऊच नका. मालवणला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथं १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं आहे, त्यामुळं कुठं गरवायला चालतं आणि कुठं नाही, ते स्थानिकांना विचारूनच ठरवा.

आता भरती कशी ओळखायची? त्यासाठी स्वयंपाकघरातली दिनदर्शिका पुरे. तिथीला तीननं गुणा आणि चारनं भागा. येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. सप्तमी असेल तर सात त्रिक एकवीस, भागिले चार, म्हणजे सव्वापाच. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधरा धरा, उत्तर सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि मग पाणी पुन्हा चढू लागतं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो. पोचल्यावर जेटीवर विचारून खात्री करा.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाणी त्या मानानं शांत. म्हणून मुलंबाळं घेऊन जायचं तर षष्ठी ते अष्टमी साधा, पक्ष कुठलाही चालेल. त्या दिवसांत दुपारी पाणी चढत राहतं. उन्हं कलल्यावर जेटीवर बसावं आणि दिवे लागायच्या आत उठावं. महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो आणि यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा किनाऱ्यावरूनही हौस नको.

होडीतून जायचं झालं तर लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं, आणि तेही होडी सुटायच्या आधी. होडीवाला 'लागत नाही हो' म्हणाला, तर दुसरी होडी बघा.

मासा हाती आला तरी घाई नको. पोट फुगवणारा केंड विषारी असतो, तो शिजवूनही खाऊ नये. शेंगाळ्याला काटे असतात आणि पाकटाच्या शेपटीला नांगी. ओळखीचा नसेल तो मासा मुलांना हातात घेऊ देऊ नका. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा, ठणका कमी होतो. मग डॉक्टर गाठा. मिळालेला मासा तिथंच करून खावा, तीनशे किलोमीटर आणायचा सोस नको. भाकरीसाठी आपल्या मालदांडीचं पीठ मात्र बरोबर न्या.

आणि माळकरी घरातल्या मैत्रिणींनो, तुम्हांला गळाशी कर्तव्य नाही हे खरं. पण मुलांना समुद्र दाखवायला न्याल ना? मग तिथीचा हिशेब तेवढा दिनदर्शिकेच्या मागं लिहून ठेवा. कोकणातल्या आयाबाया तो वर्षानुवर्षं बोटांवर करत आल्या. आपणही शिकायला काय हरकत आहे?