काटा मोडू नका, नीट वापरा



मध्यंतरी गट ऑफिसच्या ओट्यावर आम्ही पाच-सात जण बसलो होतो. ऊसनोंदीवरून बोलणे पोरांच्या शाळेवर गेले. एक सभासद म्हणाले, "ही दहावीची परीक्षा सरकारने एकदाची बंद करावी. तीन तासांच्या पेपरावर पोराची दहा वर्षं मोजायची, हा कुठला न्याय? वर्षभर जे केलं त्यावर मार्क द्यावेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र विचार केला आणि मत बदलले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. पेपराच्या दिवशी पोराला ताप भरला की वर्षाची मेहनत वाया जाते. घोकून लिहिणारा वर जातो आणि समजून घेणारा मागे राहतो, हेही आपण पाहतो. पण परीक्षा काढून पाहण्याचे प्रयोग आपल्याकडे झालेले आहेत. त्यांचे काय झाले ते आधी बघू.

सीबीएसई या केंद्रीय मंडळाने २०११ पासून दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक केली आणि वर्षभराच्या मूल्यमापनावर भर दिला. २०१८ पासून तीच परीक्षा त्यांनी पुन्हा सक्तीची केली.

आपल्या राज्य मंडळाचे आकडे तर बोलके आहेत. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेने द्यायचे २० गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी पुस्तकेही नवी होती, तेव्हा सगळी घट एकाच कारणाने झाली असे मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली. नववीचा निकाल आणि दहावीचे शाळेतले काम यांवर गुण दिले गेले, निकाल लागला ९९.९५ टक्के! मग अकरावीला कोणाला कुठे घ्यायचे हा प्रश्न पडला. सरकारने त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा जाहीर केली आणि ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे एक परीक्षा काढली, तर दुसरी दारात येऊन उभी राहिली.

आपल्या भाषेत सांगायचे तर असे. शेतकी खात्याचा माणूस फडात येऊन ब्रिक्स घेतो. त्यावरून ऊस पक्व झाला की नाही ते कळते आणि तोडीचा क्रम लागतो. पण बिल निघते ते काट्यावरच्या वजनावर. शाळेतल्या चाचण्या म्हणजे ब्रिक्स. त्या हव्यातच, त्यावाचून पोर कुठे कच्चे आहे ते कळणार नाही. शेवटची परीक्षा म्हणजे काटा. काट्याविषयी शंका आली तर आपण काटा तपासा म्हणतो. काटा उपटून टाका आणि नजरेने वजन लिहा, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? नजरेने वजन लिहायचे ठरले, तर कोणाची गाडी जड भरेल आणि कोणाची हलकी, हे सांगायला नको.

आता माझे मत ज्या गोष्टीने बदलले, ती सांगतो. एका हंगामात माझ्या फडात बीडकडची टोळी होती. तीत आईबापाबरोबर मोळ्या बांधणारी एक पोरगी होती. शाळा मागेच सुटलेली, पण तिने १७ नंबरचा फॉर्म भरला होता. पहाटे कोपीपुढे चुलीच्या उजेडात पुस्तक धरून बसायची. फेब्रुवारी सरत आला तशी ती एकदा म्हणाली, "मालक, मला पेपराला गावाकडं जायचंय." मुकादम म्हणाला, "उचल फिटायचीय, फड उरकल्यावर बघू." माझा दीड एकर ऊस अजून उभा होता. खरे सांगतो, मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी मुकादमाशी भांडून तिला एसटीत बसवून दिले. तोवर मराठीचा पेपर बुडाला होता. पुढे जुलैच्या पुरवणी परीक्षेत तिने तो विषय सोडवला. पास झाल्याचा निरोप आला, तेव्हा आनंद झाला आणि लाजही वाटली.

वर्षभराच्या कामावरच मार्क द्यायचे असते, तर या पोरीच्या रकान्यात काय लिहिले असते? गैरहजर. गैरहजर. गैरहजर. १७ नंबरचा फॉर्म आहे तो शेवटची परीक्षा आहे म्हणून. बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला पोर कोणाचे, ते कोपीतले की बंगल्यातले, हे ठाऊक नसते. ज्याचा बाप शाळेच्या कमिटीवर नाही, त्याच्यासाठी हा मोठा आधार आहे.

तेव्हा परीक्षा राहावी, पण काटा चोख राहावा. शाळेने द्यायचे २० गुण सरसकट न वाटता पोराचे काम बघून द्यावेत. एका दिवसाच्या तापाने वर्ष जाऊ नये म्हणून पुरवणी परीक्षा कायम राहावी.

बाकीचे आपल्या हातात आहे. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या भिंतीवरून चिठ्ठ्या फेकणारे हात आपल्याच गावचे असतात. तो उघड उघड काटामारीचा प्रकार आहे आणि त्यात आपलेच पोर हलके भरते. दुसरे, दहावीच्या पोराला फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला पाठवू नका. तिसरे, ज्यांच्या फडात टोळी उतरेल त्यांनी पहिल्याच दिवशी विचारावे, दहावीला कोण बसणार आहे? तारखा लिहून घ्याव्यात आणि मुकादमाकडून तेव्हाच शब्द घ्यावा. माझ्यासारखे दोन दिवस गप्प बसू नये. ऊस चार दिवस थांबतो, पेपर थांबत नाही.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद